लोटनच्या जागेवर

१

लोटनची कॅसेट एकट्यानं ऐकायची नाही, असा आधारचा नियम होता. पोस्टमननं पाकीट हातात दिलं की तो ते तसंच बंद ठेवायचा, केळीच्या बागेतलं काम उरकायचा, हातपाय धुवायचा आणि टेपरेकॉर्डर काखोटीला मारून चार घरं पलीकडे द्रौपदाअक्काच्या ओट्यावर जाऊन बसायचा. अक्का म्हणजे लोटनची आई. ती आधी टेपसमोर पाण्याचा तांब्या ठेवायची. पोरगं इतक्या लांबून बोलणार, घसा कोरडा पडेल, असं तिला मनापासून वाटायचं. आधार तिला यावरून चिडवायचाही.

लोटन तीन वर्षांपासून सलालाला होता. हे गाव ओमान देशाच्या पार खालच्या टोकाला, समुद्राकाठी. तिथं एका मोठ्या केळीच्या बागेत त्याला नोकरी होती. एदलाबादजवळच्या आपल्या या गावातून विमानात बसून जायचं आणि तिकडंही केळीच कापायची, यावर गावानं बरेच दिवस हसून घेतलं होतं.

टेपवर दर महिन्याला तेच असायचं. "माय, मी बरा हाये. तुही तब्येत सांभाय." मग तिकडचा पाऊस, तिकडचं जेवण, आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य. "आधार, तू ये ना रे एकडाव भेटाले. अठीबी आपल्यासारक्याच केयी हायेत. तुले परकं न्हाई वाटनार."

दुसऱ्या बाजूला उत्तर भरताना आधार सगळं बोलायचा, पण या वाक्याला बगल द्यायचा. त्याला कारण होतं. खरं पाहता ती जागा आधारचीच होती. धुळ्याच्या देवपुरातले एजंट भटूभाऊ यांनी आधी त्यालाच विचारलं होतं, पासपोर्टही काढून झाला होता. ऐन वेळी आधार कचरला. लहानपणी मोडलेला डावा पाय त्यानं पुढं केला, ही टाच नीट टेकत नाही, परक्या मुलखात कसं निभेल, असं सांगून अंग काढून घेतलं आणि लोटनचं नाव सुचवलं. अक्का रडायला लागली तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "त्याले परत आनायची जबाबदारी माही."

२

सत्त्याऐंशी सालच्या आषाढात तार आली. लोटन समुद्रावर पाय धुवायला उतरला आणि लाटेनं ओढून नेला. देह सापडला नाही.

देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. लोटनला भाऊ नव्हता आणि बापही आधीच गेलेला, तेव्हा मडकं आधारनं खांद्यावर घेतलं. त्या पुतळ्याला अग्नी देताना त्याला स्वतःचा इतका तिटकारा आला की धुरानं डोळे चुरचुरताहेत हे एक बरंच झालं. तो मनसोक्त रडला आणि कुणाला काही वाटलं नाही.

दहाव्याला पूर्णेच्या काठी पिंड ठेवला. आभाळ भरून आलं होतं. समोरच्या बाभळीवर एक कावळा बसला होता, पण तो खाली उतरेना. लोटनच्या मामांनी हात जोडून सांगितलं, "लोटन, तुह्या मायचं आम्ही पाहू." कावळा मान तिरकी करून बघत राहिला. घर दुरुस्त करू म्हणून झालं, वावर पडीक ठेवणार नाही म्हणून झालं. दोन तास गेले. गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववून टाकू म्हणाले, तर अक्काला ते पटेना. माणसं उपाशी होती, कुजबुज सुरू झाली होती.

आधारचा पाय ठणकत होता. तो पुढं झाला आणि दमून, जरा वैतागूनच म्हणाला, "बरं बापा, मी येतो तुले भेटाले. खा आता."

कावळा त्याच क्षणी उतरला. घास घेऊन उडालासुद्धा नाही, तिथंच उभा राहून खात होता. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि अंघोळीला निघाले. भूक लागली असेल त्याला, इतकंच आधार स्वतःशी म्हणाला.

३

त्यानंतर तीन आठवड्यांनी कॅसेट आली.

आधार पाकीट घेऊन बराच वेळ बागेच्या बांधावर बसला. शिक्का पुसट होता, तारीख लागत नव्हती. पोस्टाला उशीर होतोच. गेल्या वर्षी दिवाळीची कॅसेट संक्रांतीला आली होती. लोटननं ही आधीच टाकली असणार, यात नवल कसलं. अक्काला ऐकवावी की नाही, एवढाच प्रश्न होता. पण पोस्टमननं तिला वाटेतच सांगून टाकलं होतं. आधार पोचला तेव्हा पाण्याचा तांब्या मांडून ती ओट्यावर बसलेली होती.

"माय, मी बरा हाये," लोटन म्हणाला. मग पाऊस, मग जेवण. मागं कुठंतरी कावळा ओरडत होता. तिकडं कावळे असतीलच, आधारनं मनात म्हटलं.

"आधार, तू येतो म्हनला, लय बरं वाटलं मले. तुह्यासाठी खाटीवर जागा करून ठेवली. आता उशीर नको करू."

आधारनं टेप बंद केला. आपण आधीच्या एखाद्या कॅसेटमध्ये येतो म्हटलं असेल. म्हटलं असेलच. पण तीन वर्षांत ते वाक्य आपण जपून टाळलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"जिता हाये तो," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, एक कोरडा निश्चय होता. "तू जा. त्याले घेऊन ये."

"अक्का, ही कॅसेट आधीची अशीन."

"तू म्हनला होता, जबाबदारी तुही. तो आल्याबिगर मी भाकरीले हात लावनार न्हाई."

आणि तिनं खरंच लावला नाही. चहा घ्यायची, कुणी फारच धरलं तर कपभर दूध. पंधरा दिवसांत तिच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत वर सरकायला लागलं. सुनंदाबाई, म्हणजे आधारची बायको, रोज ताट घेऊन जायची आणि तसंच झाकून परत आणायची. एका दुपारी ताट खाली ठेवत ती म्हणाली, "म्हातारी मरीन अशानं. अन् तिचं मरन तुमच्यानं पाहवनार न्हाई." दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन आधारनं धुळ्याची एस.टी. धरली.

४

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात भटूभाऊंच्या कचेरीत शिरताना आधारला वाटत होतं, इतक्या घाईनं काही जमणार नाही, वर्षभर तरी खेटे घालावे लागतील. जमणार नाही असं मनातून त्याला हवंही असावं.

भटूभाऊंनी चष्मा पुसला. "बरं झालं आलात. त्याच बागेतून निरोप आहे. लोटनच्या जागेवर माणूस पाहिजे, खानदेशचाच पाहिजे. तुमचा पासपोर्ट आहे ना?"

"माह्या पायाचं..."

"पायाचं कुणी विचारलं नाही," भटूभाऊ म्हणाले. "आता तुम्ही नाही म्हणू नका. तिकडं तुमचं नाव कळवून झालंय."

"कोनी कळवलं?"

भटूभाऊंनी कागद उलटेपालटे केले. त्यांना आठवेना. कुणाचा तरी फोन होता, खरखर फार होती, पण माणूस आपल्याकडचा वाटला.

धुळ्याहून परतल्यावर अठराव्या दिवशी आधार मुंबईच्या गाडीत बसला. सुनंदानं हातावर दही घातलं. गाडी हलल्यावर ती पदर तोंडाशी धरून गाडीबरोबर चार पावलं चालली, मग थांबली. लोटनला घेऊन परत यायचं, जिवंत असेल तर जिवंत, नाहीतर अक्काला शपथेवर सांगण्यासारखं काहीतरी पाहून, एवढंच त्यानं डोक्यात ठेवलं होतं. बाकी विचार केला असता तर तो कसाऱ्यालाच उतरला असता.

५

नाशिकच्या पुढं आधार जन्मात गेला नव्हता. विमानात त्यानं डोळे मिटून दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. मस्कतला उतरल्यावर एका माणसानं त्याला बसमध्ये बसवून दिलं. सलाला तिथून बारा तासांवर होतं. बारा तास नुसती सपाट वाळू. एक झाड नाही, एक घर नाही. लहानपणापासून माणसाला कुठं ना कुठं एक कडुलिंब दिसत असतो, तो नसला की आपण खरंच पुढं चाललोय की नाही हेच कळेनासं होतं. आधारला तसं झालं.

मध्ये एका ठिकाणी बस थांबली. हातात यादी घेतलेला माणूस एकेकाला बोट दाखवत नाव विचारत, खूण करत येत होता. आधारपाशी आला आणि काही न विचारता यादीत बघून म्हणाला, "लोटन." खूण करून पुढं गेला.

आधार अर्धवट उठला. त्याला सांगायला हवं होतं. पण कोणत्या भाषेत? बागेवाल्यांनी जुन्याच कागदावर जागा धरली असणार. उगाच गोंधळ झाला, बसमधून उतरवलं, तर या वाळूत करायचं काय? तो खाली बसला.

पुढं डोंगर लागला, आणि डोंगर उतरताच धुकं. बारीक पाऊस, हिरवंगार गवत, आणि मग दोन्ही बाजूंना केळी. आधारनं काचेला कपाळ लावलं. वाफे तसेच, खोडांना लावलेले टेके तसेच. एका बांधावर सुकलेल्या पानांची पेंढी अगदी आपल्याकडे बांधतात तशी बांधून ठेवली होती. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला घाम फुटला.

६

बागेचा मुकादम रुपचंद हा धुळे जिल्ह्यातलाच होता. त्याची अहिराणी ऐकून आधारच्या जिवात जीव आला.

"तू लोटनना जागावर ऊना ना?" रुपचंद खोलीतल्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाला. "त्यानीच खाट ले. बठ्ठं सामान तठेच शे."

"त्याचं काय झालं, खरं सांगा भाऊ. त्याची माय तिकडी उपाशी बसली."

रुपचंदनं मान खाली घातली. लाट आली तेव्हा तो स्वतः वीस हातांवर उभा होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगताना त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि आधारला वाटलं, झालं, हेच अक्काला जाऊन सांगायचं. कॅसेटचं विचारलं तर रुपचंद म्हणाला, त्यानंतर इथून कुणी काही टाकलं नाही. लोटनचा टेप तर त्याच्याही आधीपासून बिघडून पडला होता.

पण लगेच परतायचं म्हणजे सोपं नव्हतं. पासपोर्ट बागेच्या कचेरीत जमा झाला होता. निदान दोन महिने तरी काम कर, असं सांगण्यात आलं. आधार कामाला लागला. लोटनच्या खाटेवर झोपला, त्याच्या ताटलीत जेवला, पावसात त्याचीच टोपी घातली, कारण दुसरी नव्हती.

कचेरीच्या वहीत लोटनचंच नाव होतं. जागा तीच, मग नाव कशाला बदला, असा तिथला हिशोब. हजेरीला "लोटन" म्हटलं की आधार आधी गप्प राहायचा, मग बोट वर करायचा, मग "हां" म्हणायला लागला. केरळचे गडी त्याला लोटन म्हणत. आधार हसून सोडून द्यायचा. एक नाव, त्यात काय एवढं.

महिनाभरानं एका दुपारी घड मोजताना रुपचंद म्हणाला, "गया सालनी सुट्टीले आपू समुद्रवर व्हतूत, याद शे ना?"

"गेल्या साली मी गावात होतो, भाऊ."

रुपचंद हसला. "कसा मज्याक करस लोटन."

आधारनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो मस्करी करत नव्हता. "मी आधार," तो म्हणाला. "लोटन लाटेत गेला. तुम्हीच सांगितलं मले."

"लाटमा तर आधार गया," रुपचंद म्हणाला. "तुना दोस्त. भेटाले ऊना व्हता." आणि त्यानं तसेच बाहीनं डोळे पुसले.

आधार खोलीवर पळाला. दाढीच्या छोट्या आरशात त्यानं तोंड पाहिलं. तोंड त्याचंच होतं. डाव्या भुवईवरचा व्रण, पुढचा किंचित तुटका दात, सगळं जागेवर. तो अर्धा तास पाहत होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पळत आलो. सबंध बागेतून, चिखलातून, डाव्या पायावर पळत आलो आणि टाच अख्खी टेकत होती.

७

त्या दिवशीपासून तो बागेत शोधायला लागला. काय शोधतोय ते त्याला सांगता आलं नसतं. पण कुणीतरी आपल्याला येतो म्हणायला लावून इतक्या लांब आणलं, तर त्यानं निदान भेटावं तरी. रोज दुपारी गडी आडवे झाले की तो धुक्यात शिरायचा आणि ओळीओळीनं फिरायचा. "लोटन," तो हाक मारायचा. पानांवरून पाणी ठिबकायचं. "लोटन, चल रे घरी. माय मरीन." बोलता बोलता त्याला हुंदका यायचा. एकदा तर त्यानं चिखलात गुडघे टेकून हात जोडले.

आठव्या की नवव्या दुपारी समोरच्या ओळीत कुणीतरी चाललं होतं. पाठमोरं. खांद्यावर घड होता, त्यामुळं डोकं दिसत नव्हतं. अंगातला सदरा चौकड्यांचा होता, सुनंदानं निघताना बॅगेत घातला होता तसा. माणूस सावकाश चालत होता, दर पावलाला जरासा उजवीकडे कलत, डावी टाच अधांतरी ठेवून.

आधारच्या तोंडातून हाक निघेना. ही चाल त्यानं स्वतः कधी पाहिली नव्हती. आपली चाल कोण पाहतं? पण लहानपणी शाळेच्या वाटेवर लोटन त्याची नक्कल करून दाखवायचा, आणि ती हुबेहूब अशी असायची.

तो माणूस ओळीच्या टोकाला थांबला. घड खाली ठेवायला वाकला. आता घड उतरला की तोंड दिसलं असतं.

आधारनं तोंड दिसायच्या आत पाठ फिरवली आणि पळत सुटला. मागून कुणी आलं नाही. फक्त एक आवाज आला, ओळखीचा, दमलेला. "आला रे बापा तू. बरं झालं."

८

सुट्टी मागायला तो कचेरीत गेला तेव्हा कारकुनानं वही उघडली. लोटनची तीन वर्षांची सुट्टी शिल्लक होती. तिकीट दुसऱ्या दिवशी हातात आलं. पासपोर्ट बंद पाकिटात होता. विमानतळावर अधिकाऱ्यानं तो उघडला, फोटो पाहिला, तोंड पाहिलं, शिक्का मारला. आधारनं तो न उघडताच खिशात टाकला. घरी जाऊन सुनंदासमोर उघडू, असं त्यानं ठरवलं. सुनंदानं एकदा पाहिलं की हे सगळं संपलं. परमुलखात माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, डॉक्टर हेच म्हणतील.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. जळगावहून एस.टी.नं तो दुपारी तीनच्या सुमाराला गावात उतरला. पारावर बसलेले दोघंतिघं उठून उभे राहिले आणि त्यांनी तोंडावर हात नेला. कुणीतरी धावत पुढं गेलं.

अक्का ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. तिच्यात आता उरलं होतं तरी काय! तिनं हात पुढं केले आणि त्याचं तोंड चाचपलं, भुवई, गाल, हनुवटी. "आला रे माह्या बापा," ती म्हणाली.

"अक्का, मी आधार."

"आधार कुठी राह्यला? तो तुलेच घ्याले गेलता ना?"

लोक जमले होते. मामा रडत होते. आधार एकेकाचं तोंड पाहत फिरला, कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. मग तो गर्दीतून वाट काढत स्वतःच्या घराकडे गेला, पळतच गेला.

सुनंदा दारात उभी होती. त्याला पाहताच तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्यासमोर तिनं तसा पदर ओढायचं केव्हाच सोडलं होतं.

"लोटनभाऊ, तुम्ही सुखरूप आले, देव पावला," ती म्हणाली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे गेली. "हे मागं राह्यले का?"

"सुनंदे, मी हाये. मी."

ती अर्धं पाऊल मागं सरली. परक्या पुरुषानं एकेरी हाक मारल्यावर बाई सरते तशी. आधारनं खिशातून पासपोर्ट काढला, उघडून तिच्यासमोर धरला. स्वतः तो फक्त तिचं तोंड पाहत होता. तिनं फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं.

"चांगला आला भाऊ तुमचा फोटो," ती म्हणाली. "पन त्यांचं काय ते सांगा ना मले."

त्यानं तिला सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर का रडली होती ते. पहिलं मूल गेलं तेव्हा दोघं कुठं जाऊन बसले होते ते. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. "एवढं बठ्ठं सांगत बसले का ते तुमाले तठी?" ती म्हणाली. "लय आठवन काढत अशीन माही."

तेवढ्यात मामा आले. हाताला धरून म्हणाले, "चल बापा लवकर. माय ताटावर बसली. तू आल्यावरच घास घेते म्हने. लय वाट पाह्यली तिनं, आता तान देऊ नको."

चार घरं पलीकडे ओट्यावर ताट मांडलेलं दिसत होतं. अक्काच्या हातात भाकरीचा तुकडा होता. पण ती तो तोंडाकडे नेत नव्हती. "लोटन," तिनं हाक मारली. आवाज इतका बारीक होता की आणखी एखाद-दुसरी हाक मारण्याएवढंच बळ तिच्यात असावं.

आधार दोन्ही घरांच्या मध्ये उभा राहिला. ओ दिली की काय होणार, हे त्याला कळत होतं. न दिली तर काय होणार, तेही समोर ओट्यावर दिसत होतं. त्यानं सुनंदाकडे पाहिलं. ती अजून रस्त्याकडेच बघत होती.

"लोटन, ये ना रे."

"आलो, माय," तो म्हणाला.

अक्कानं घास तोंडात घातला. बाया डोळे पुसायला लागल्या. तो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दुसरा तुकडा मोडला, आणि तो तिला जेवताना बघत राहिला. बऱ्याच वेळानं सुनंदा ओट्यापाशी आली. पदर सारखा करून, खाली मान घालून तिनं विचारलं, "भाऊ, येतो म्हनले का ते?"

त्यानं पाण्याचा तांब्या अक्काकडे सरकवला. मग त्यानं हो म्हणून मान हलवली.